आधी रिकामी पारडी

मित्रांनो, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या फळीवर, बिस्किटांच्या डब्याशेजारी, दोन्ही हात पसरून उभं असलेलं काहीतरी पिवळट तुम्हाला दिसलं, तर तो मी. मी तराजू आहे, आणि जुना आहे हे वेगळं सांगायला नको. हल्ली घरी येणारी मुलं मला बघून विचारतात, याचं बटण कुठे आहे? मला बटण नाही आणि वीजही लागत नाही. एक सपाट जागा आणि बघणाऱ्याचा थोडा धीर, एवढंच मला पुरतं. कारण माझा काटा आधी डोलतो आणि मग ठरतो. डोलताना सगळेच बघतात, पण ठरेपर्यंत थांबणारे थोडे.

माझी दांडी एका लोहाराने घडवली आणि पारडी एका तांबटाने ठोकून ठोकून खोलगट केली. त्या दोघांचं जमत नसे. तांबट म्हणे दांडी वाकडी, लोहार म्हणे पारडी जड. एकमेकांच्या चुका काढण्याच्या नादात त्यांनी मला इतका नेमका केला, की एका पारड्यात मोरपीस टाकलं असतं तरी दुसऱ्याला कळलं असतं.

मग मी एका किराणा दुकानात आलो. दुकान एका शांत गृहस्थांचं होतं. पुढे ते आजोबा झाले, म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणतो. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत ते मला पुसत, मग खाली वाकून डोळे माझ्या काट्याच्या रेषेत आणत आणि माझी रिकामी पारडी बघत. काही न ठेवता बघत, हं. कारण पारड्यावर पिठाचा थर बसतो, साखळीत धागा अडकतो, हवा दमट असते, आणि एक बाजू गुपचूप खाली जाते. तसं दिसलं, की ते हलक्या बाजूला तारेचं कडं नाहीतर एखादं बटण अडकवत आणि काटा मध्यावर आणत. त्या अडकवलेल्या वस्तूला पासंग म्हणतात. तराजूची खोड आधीच ओळखून केलेली ती सोय असते. खोड कुणाला नसते?

त्यांची दुसरी सवय मला फार आवडायची. काटा अगदी मध्यावर आला, की ते चिमूटभर माल आणखी टाकत. गिऱ्हाईकाच्या बाजूला. ‘बरोबरी झाली की मागणाऱ्याला द्यावं,’ असं म्हणत. बायका म्हणत, इथून नेलेलं घरी जाऊन पुन्हा मोजावं लागत नाही. ते ऐकलं की माझं पितळ आणखी चमके.

पुढे चौकात चकचकीत दुकान आलं, तिथे आकडे आपोआप उमटायला लागले. आजोबांचे गुडघेही थकले होते. त्यांनी दुकान आवरलं, बाकीचं सगळं वाटून टाकलं, आणि मला मात्र वजनांच्या पेटीसकट कडेवर घेतल्यासारखं घरी आणलं.

मला वाटलं, संपलं आपलं. पण माझं खरं काम तर तिथेच सुरू झालं.

घरात एकदा मोठा वाद झाला. जुनी जागा सोडून या चौथ्या मजल्यावरच्या घरात यावं की नाही, यावरून. सगळे एकदम बोलत होते. आजोबांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, आवाज चढवल्याने वजन वाढत नाही. उजवं पारडं ‘हो’चं, डावं ‘नको’चं. एकेकाने आपलं कारण सांगायचं आणि ते जितकं जड वाटत असेल तितकं वजन टाकायचं. कारण हलकं आणि वजन भारी असेल तर बाकीच्यांनी टोकायचं. काटा ठरला की विषय संपला, मग तोंड पाडायचं नाही. त्या दिवसापासून ही या घराची रीतच पडली. शेजारी हसत, पण या घरात भांडणं वेळेवर मिटत.

आता घरातली माणसं सांगतो. आजी आहेत, त्यांची जीभ अजून दुकानातल्या कात्रीसारखी चालते. बाबा बसच्या आगारात फिटर आहेत. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर एकामागून एक काच लावून ती विचारत असते, आता स्पष्ट दिसतंय का? आणि तिची लेक, पंधरा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

आजोबा गेले आणि मला रोज पुसणारं कुणी उरलं नाही. पुढे घराला रंग द्यायच्या वेळी कुणाचा तरी धक्का लागून मी फळीवरून खाली पडलो. डाव्या पारड्याला तडा गेला. बाबांनी ते आगारात नेलं आणि खालून छान जाड पितळी ठिगळ मारून आणलं. काम इतकं सफाईचं होतं, की सगळ्यांनी वाहवा केली. पण मित्रांनो, ठिगळालाही वजन असतं. डावं पारडं जड झालं, जरासंच. रिकामी पारडी बघायची आजोबांची सवय त्यांच्याबरोबर गेली होती. मला तोंड नाही. काटा तेवढा आहे, तो मी वाकडा धरून उभा राहिलो. कुणी बघितलं नाही.

त्यानंतर या घरात ‘नको’ वाढलं. मोठ्या गोष्टी निभावून गेल्या, पण जिथे थोडक्यात ठरायचं तिथे काटा डावीकडेच कलायचा. भिंगरीला मांजराचं पिल्लू हवं होतं, नको झालं. शाळेला सायकलने जायचं होतं, नको. आजींना जुन्या मैत्रिणीकडे आठवडाभर राहायला जायचं होतं, तेही नको. सगळ्यांनी मान डोलावली, कारण तराजू कधी खोटं बोलत नाही असं त्यांना वाटे. मला तेव्हा माझीच लाज वाटे.

आणि मग भिंगरीने कॉन्सर्टचा विषय काढला.

तिची आवडती गायिका शहरात येणार होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मैदानावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कार्यक्रम होता. मैत्रिणीच्या ताईने चार तिकिटं काढली होती, त्यातलं एक भिंगरीसाठी राखून ठेवलं होतं. हो की नको ते सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, कारण त्या तिकिटावर मैत्रिणीच्या मामेबहिणीचा डोळा होता.

भिंगरीने विचारलं त्या दिवसापासून आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गॅस बंद केला का हे ती दोन-दोनदा बघायची. भिंगरी शाळेला निघाली की गॅलरीत जाऊन वळणापर्यंत तिची पाठ बघत राहायची. भाजी चिरता चिरता मध्येच सुरी थांबायची. तिला काय दिसत असेल, ते मला कळायचं. गेटपाशी एकदम लोटणारी माणसं. सुटलेला हात. लागत नसलेला फोन. आई उगाच घाबरणारी बाई नाही. डोळे तपासणाऱ्या माणसाला एवढंच ठाऊक असतं, की धोका बहुतेक वेळा कडेने येतो, समोरून येत नाही.

रविवारी दुपारी तोलायचं ठरलं. सकाळी आईने मला पुसायला खाली घेतलं. बऱ्याच दिवसांनी कुणी मला नीट हातात घेत होतं. तिने साखळ्या सोडवल्या, पारडी स्वच्छ केली, मला टेबलावर उभं केलं आणि फडकं झटकून सहज बघितलं. काटा डावीकडे होता.

तिने बोटाने पारडं हलवलं. काटा डोलला आणि परत डावीकडेच येऊन थांबला. ती वाकली, आजोबा वाकायचे तश्शीच. डावं पारडं उचलून तिने खालून बघितलं आणि त्या ठिगळावरून अंगठा फिरवला. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. आता ही हाक मारणार, आता सगळ्यांना दाखवणार.

तिने हाक मारली नाही. फडक्याची घडी घातली, मला तिथेच ठेवलं आणि कणीक मळायला निघून गेली.

दुपारी सगळे बसले. भिंगरीने पहिलं कारण सांगितलं आणि सांगताना वर बघितलं नाही. म्हणाली, ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगून मला जाता आलं असतं. वर्गातल्या दोघी तसंच करतायत. मी विचारलं.’ तिने दोनशे ग्रॅमचं वजन उचललं. आजी म्हणाल्या, एवढंसं नको, अर्ध्या किलोचं टाक, खऱ्याचं वजन आहे ते. तिने ते टाकलं.

बाबांनी सांगितलं, ते तिला सोडतील आणि कार्यक्रम संपेपर्यंत गेटबाहेरच बसून राहतील. त्यांचे दोनशे ग्रॅम पडले. आजींनी शंभर टाकले. त्यांचं कारण असं, की महिनाभर घरात तेच गाणं ऐकून त्यांचे कान किटले आहेत. पोरीने ते एकदाचं समोर बसून पोटभर ऐकावं आणि घरातलं बंद करावं. भिंगरीला हसू आलं. आईला आलं नाही.

मग आईची पाळी. तिने गर्दीचं कारण सांगितलं आणि अर्धा किलो टाकला. बाबा म्हणाले, जरा जास्त होतंय. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, ‘अहो, तुम्ही गेटबाहेर. ती आत. मधली हजारो माणसं कोण सांभाळणार?’ बाबांनी ते वजन तसंच राहू दिलं. तेवढ्या गर्दीत फोन चालला नाही तर काय, याचे दोनशे पडले. पंधरा म्हणजे अजून पंधराच, याचे शंभर.

सगळे बघत राहिले. काटा डोलला, पुन्हा डोलला आणि ठरला. डावीकडे, केसभर.

मित्रांनो, सकाळी रिकामा असताना मी जितका कललो होतो, तितकाच आताही कललो होतो. रेषभरही कमी नाही, जास्त नाही. म्हणजे खरं तर बरोबरी झाली होती. हे त्या खोलीत दोघांनाच कळलं होतं, मला आणि आईला. मी तिच्याकडे बघत होतो. ती काट्याकडे बघत होती.

‘नको आलं,’ बाबा म्हणाले.

भिंगरी रडली नाही. दार आपटून आतही गेली नाही. तिने वजनं एकेक करून पेटीत आपापल्या खळग्यात बसवली, लहानपणी आजोबांनी शिकवलं होतं तशी. मग ओढणीच्या टोकाने माझी दोन्ही पारडी पुसली आणि मला फळीवर ठेवलं. ‘उद्या संध्याकाळी ताईला सांगते,’ म्हणाली आणि अभ्यासाला बसली. त्या दिवशी घरात ते गाणं वाजलं नाही. आजी दोनदा म्हणाल्या, फारच शांत वाटतंय.

आईच्या मनासारखं झालं होतं. पण ती जेवली नाही. सारखी माझ्या समोरून जायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची. एकदा तिने बिस्किटांचा डबा सरकवून माझ्या पुढ्यात आणला. डब्याआडून मला काही दिसेना, पण तिची चाहूल ऐकू येत होती. पाणी प्यायला येई, भांडं भरे आणि एकही घोट न घेता ठेवल्याचा आवाज येई.

सोमवारी ती कामावरून आली ती थेट माझ्यापाशी. खांद्याची पर्सही काढली नाही. डबा बाजूला केला आणि मला टेबलावर ठेवलं. भिंगरी फोन घेऊन गॅलरीत चालली होती. आई म्हणाली, ‘थांब. फोन नंतर कर. सगळे इकडे या. आणि काही टाकू नका, नुसतं बघा.’

सगळे जमले. काट्याने आपलं डोलणं संपवलं आणि तो डावीकडे थांबला.

बाबांनी डोकं खाजवलं. अरे, हे ठिगळ तर मीच मारलंय, असं काहीसं पुटपुटले. भिंगरीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचे डोळे मोठे झाले. ‘म्हणजे सायकल? आणि ते पिल्लूसुद्धा?’ आजी खुर्चीत सावरून बसल्या. ‘आणि माझं आठवडाभर राहणं,’ त्या म्हणाल्या. ‘त्या मैत्रिणीची सून काय बोलली असेल मला.’

‘मला काल सकाळीच दिसलं होतं,’ आई म्हणाली.

भिंगरीने हातातला फोन टेबलावर ठेवला.

‘मग काल का नाही सांगितलंस?’ भिंगरीने विचारलं.

‘मला नको हवं होतं.’

‘आणि आज का सांगतेयस?’

आईने माझ्या पारड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘तू हरलीस आणि तरी पारडी पुसून ठेवलीस,’ ती म्हणाली. ‘त्यानंतर मला इथून जाता-येता येईना.’

मग तिने शिवणाच्या डब्यातून कोटाचं एक जुनं बटण काढलं, दोऱ्यात ओवलं आणि उजव्या साखळीला बांधलं. काटा सरळ झाला नाही, तेव्हा आणखी एक छोटं बटण. काटा मध्यावर आला. इतक्या काळानंतर सरळ उभं राहताना मला काय वाटलं, ते सांगता येत नाही.

आईने पेटी उघडली आणि कालची सगळी वजनं पुन्हा टाकली. भिंगरीची, बाबांची, आजींची. आणि आपलीही, एकही कमी न करता. ‘माझी भीती काल होती तेवढीच आजही आहे,’ ती म्हणाली, ‘ती मी काढून घेणार नाही.’ काटा डोलला आणि बरोबर मध्ये ठरला.

आता काय करायचं? या घरात असं कधी झालंच नव्हतं. बाबा आजींकडे बघायला लागले. आजींनी तांदळाच्या डब्याकडे नुसती मान हलवली. आई उठली. डब्यात बोटं घालून तिने चिमूटभर तांदूळ घेतले. तिचा हात माझ्यावर थोडा वेळ थांबला. बरोबरी झाली की मागणाऱ्याला द्यावं. तिने चिमूट उजव्या पारड्यात सोडली.

भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले तेव्हा पर्स दोघींच्या मध्ये आली.

मग सूचनांची सरबत्ती झाली. मैदानात शिरल्याबरोबर एक उंच खांब ठरवायचा, चुकामूक झाली तर तिथेच यायचं, तिथून हलायचं नाही. बाबांचा नंबर हातावर लिहायचा. बूट घालायचे, चपला नाही. भिंगरी सगळ्याला हो म्हणत होती. आजी म्हणाल्या, एवढ्या सूचनांत गाणी ऐकायची कधी तेही सांगून ठेव.

कार्यक्रमाच्या दिवशी बाप-लेक निघाले आणि आईने मला टेबलावर घेतलं. तोलायला काहीच नव्हतं. तरी ती एक वजन ठेवायची, उचलायची, दुसरं ठेवायची. दुपार सरेना. बाबांचा फोन आला, ती आत गेली, मी बाहेर आहे. त्यानंतर भिंगरीचा फोन लागेना. आईने लावला, पुन्हा लावला. तिच्या बोटांतलं पन्नास ग्रॅमचं वजन माझ्या पारड्यावर टकटक वाजत होतं, आणि माझा काटा थरथरत होता. आजी तिच्याशेजारी येऊन बसल्या. तांदूळ निवडायला लागल्या, नंतर त्यातले अर्धे तिच्यापुढे सारले. दोघींनी मिळून ते निवडले. मग निवडलेलेच पुन्हा निवडले.

दिवे लागून बराच वेळ झाला, तेव्हा कुठे जिन्यात पावलं वाजली.

भिंगरीचा आवाज पार बसला होता. केस विस्कटलेले, एका बुटाची नाडी गायब, आणि चेहरा असा की खोलीतला दिवा मंद वाटावा. तिने आधी पाण्याचा तांब्या संपवला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘आई, मध्ये एकदा चुकामूक झाली. लोक एकदम पुढे सरकले आणि कुणीच दिसेना. फोनही लागेना. मी खांबापाशी जाऊन उभी राहिले. खूप भीती वाटली. मग ताई आली शोधत.’

बाबांनाही हे आत्ताच कळत होतं असं दिसलं, कारण ते एकदम खाली बसले.

बघ, मी सांगितलं होतं ना, हे वाक्य आईच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. ते तिने गिळलं. लेकीच्या कपाळावरचे केस मागे केले आणि विचारलं, ‘गाणं कसं झालं?’

त्यावर भिंगरी हातवारे करकरून इतकं बोलली, की आजी म्हणाल्या, आवाज बसलाय ते बरंय.

तिच्या मनगटावर कार्यक्रमाची कापडी पट्टी होती, तिला चपटी धातूची कडी. झोपायला जाण्याआधी तिने ती काढली आणि माझ्यापाशी आली. कोटाचं बटण सोडून तिने तिथे पट्टी गुंडाळून बांधली. छोटं बटण तसंच ठेवलं. मग वाकून डोळे काट्याच्या रेषेत आणले. काटा डोलला आणि मध्यावर उभा राहिला. मागून आईने विचारलं, ‘आता स्पष्ट दिसतंय का?’

‘दिसतंय,’ ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सायकलचा विषय पुन्हा निघायचा आहे. आजींनी तर पिशवी भरायलाही घेतली आहे, कुणी तोलायच्या आतच. आईची वजनं पेटीत तयार आहेत, आणि ती हलकी असणार नाहीत. तिने ती हलकी करूही नयेत. पण आता ती आधी मला पुसते, वाकते आणि काही न ठेवता बघते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं काहीतरी कोपऱ्यात उभं असेल. त्यावरची धूळ कधीतरी पुसा, त्याला कुठे लागलंय का ते खालून बघा. आणि कुणी तुमच्यापाशी काही मागायला आलं, तर हो किंवा नको म्हणण्याआधी क्षणभर थांबा. तुमची रिकामी पारडी बघा. काही ठेवायच्या आधीच एखादं खाली गेलेलं असेल, तर शिवणाच्या डब्यात एक बटण नक्की सापडेल.